जळक्या ऑइलची रेघ

वाळूवर चुना टिकत नाही. बहारीनचा वारा दुपारी सुटला की आखलेली रेघ घटकाभरात शेजारच्या खजुराच्या झाडांत जाऊन बसते. म्हणून आमच्या कॉलेजच्या मैदानावर रेघा जळक्या ऑइलने मारायचे. वर्कशॉपमधल्या गाड्यांचं काढलेलं ऑइल डब्यात साठवायचं, डब्याला खाली खिळ्याने भोक पाडायचं आणि ताणलेल्या दोरीच्या कडेने चालत सुटायचं. हे काम माझ्या नवऱ्याकडे होतं. उतरत्या उन्हात तो डबा घेऊन चालायचा. मिठाने चमकणारी वाळू, तिच्यावर उमटत जाणारी काळी रेघ आणि पाठमोरा तो. त्या हिवाळ्यातलं बाकीचं पुष्कळ विसरले, हे चित्र मात्र अजून मधूनच झोपेत येतं, आवाजाशिवाय.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. झिंज नावाच्या वस्तीच्या कडेला एक लहानसं तांत्रिक कॉलेज होतं. मी ऑफिसात टायपिस्ट, नवरा वर्कशॉपमध्ये पोरांना लेथ शिकवायचा. एसी दुरुस्ती शिकवायला एक अमेरिकन आला. त्याने येताना जुन्या हेल्मेटांचा एक खोका आणला आणि आल्या आल्या अमेरिकन फुटबॉलचा संघ काढला. त्याला सगळे कोच म्हणू लागले. कॉलेजात मुलं थोडी, त्यातली निम्मी आयांनी खेळायला सोडली नाहीत. तेव्हा कोचने स्टाफमधली माणसंही घेतली. त्यात माझा नवरा आणि मालवणकडचा आमचा बसड्रायव्हर असे दोघे गेले.

तो चेंडू पहिल्यांदा हातात घेऊन ड्रायव्हर म्हणाला, "ह्यो तर असोलो नारळ!"

खरंच तसाच होता, न सोललेल्या नारळासारखा, दोन्हीकडे टोकदार. बहारीनी पोरांच्या हातून तो साबणासारखा सुटायचा. या दोघांनी तो काखेत मारला आणि चालू लागले. जन्मभर माडाखालून नारळ असेच तर उचलले होते. कोच बघतच राहिला.

नियमांची आठ पानं कोचने मला टाइप करायला दिली. ती मी घरी नेली आणि पोळ्या लाटता लाटता नवऱ्याला मराठीत समजावली. तो रत्नागिरीकडचा, लग्नाआधी गावच्या संघाचा चढाई करणारा. म्हणून मी सगळं कबड्डीत बसवून सांगितलं.

"चार चढाया मिळतात. तेवढ्यात दहा यार्ड पुढे सरकायचं. पकडून पाडलं की चढाई संपली. रेघेबाहेर पाय पडला की बाद."

"म्हणजे आपलंच की. दम घुमवायचा नाही, एवढंच."

"अहो, कागद तरी बघा एकदा."

"तू बघितलास ना? मग झालं."

दम मात्र त्याच्याच्याने सुटला नाही. हेल्मेटच्या आत तो कबड्डी-कबड्डी पुटपुटतच धावायचा. बहारीनी पोरांना वाटलं, हा काहीतरी प्रार्थना म्हणतो. ती अदबीने बाजूला व्हायची. मीही त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सामने शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर. समोर कधी जहाजावरचे खलाशी, कधी तेलकंपनीतल्या अमेरिकनांची मुलं. आम्ही सगळे सामने हरत होतो, आणि हरणंही असं की आमच्या नावावर एक गुणसुद्धा नाही. गुणांची वही माझ्याकडे, तिच्यात मी शून्य मांडायचे. तरी शुक्रवारी माझा नवरा निराळा जेवायचा. एरवी दिवसभर लेथपाशी उभा राहून आलेला माणूस ताट बघायचाही नाही. शुक्रवारी दोनदा आमटी मागायचा.

जानेवारीत प्राचार्यांनी मला एक पत्र सांगितलं. संघाला मोसमभरात एकही गुण मिळाला नाही तर संघ बंद. मार्चपासून मैदानावर कॉलेजच्या बसगाड्या उभ्या राहतील. मी टाइप केलं आणि कोचच्या टेबलावर नेऊन ठेवलं. त्याने वाचून घडी केली, खिशात घातली आणि म्हणाला, "मला एकच हवाय. एक मिळाला तरी पुरे."

संध्याकाळी मी घरी सांगितलं. नवरा जेवत होता. त्याने आमटीची वाटी बाजूला सारली. मग म्हणाला, "हे बंद झालं तर परत नुसतं लेथ."

"लेथवरच पोट आहे," मी म्हटलं.

"ते आहेच," तो म्हणाला, आणि हात धुवायला उठला.

शेवटचा सामना तेलकंपनीच्या पोरांशी. त्या दिवशी समुद्राकडून धुकं आलं होतं आणि भर दुपारी मैदान दुधात बुडवल्यासारखं दिसत होतं. पलीकडची खजुराची झाडं जमिनीपासून सुटून वर तरंगत होती. सामना संपत आला, आमचं शून्य तसंच. तेवढ्यात त्यांच्या एका मुलाच्या हातून चेंडू निसटला. दोन टप्पे वेडेवाकडे घेऊन तो माझ्या नवऱ्याच्या पायाशी आला. त्याने उचलला, काखेत मारला आणि सुटला.

दोघांना खांद्याने ढकलून तो पुढे गेला. पुढे कुणी नव्हतं. मागून सगळे धावत होते, पण धुक्यात ते जागच्या जागी पाय हलवताहेत असं वाटत होतं. पोरं "यल्ला, यल्ला" ओरडत होती, तेही कुठून तरी लांबून आल्यासारखं. मी पेन्सिल हातात घेतली. शेवटची काळी रेघ त्याच्यापासून दहा पावलं, पाच पावलं, एक पाऊल.

आणि तो थांबला. रेघेच्या अलीकडे. वाकून वळला आणि आला त्या वाटेने परत धावत सुटला.

समोरची पोरं इतकी चकित झाली की त्यांनी त्याला वाट दिली. मधली रेघ ओलांडून तो आमच्या बाजूला आला आणि हात वर केला. मग एक धिप्पाड मुलगा येऊन त्याच्यावर बसला. शिट्टी झाली.

"मेल्या, मागे कित्याक इलंस?" ड्रायव्हर ओरडला.

"सुटून आलो ना," नवरा त्या मुलाच्या खालून म्हणाला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. कबड्डीत शेवटच्या रेघेपलीकडे पाय गेला की माणूस बाद, आणि घरी परतल्याशिवाय चढाईला किंमत नाही. मी त्याला रेघेबाहेर बाद असं सांगितलं होतं. ते बाजूच्या रेघांबद्दल होतं. शेवटची रेघ मात्र ओलांडायचीच असते, हे सांगायचं राहिलं होतं. त्या वेळी बहुतेक पोळी करपत होती.

कोच माझ्याकडे आला. मी त्याला खरं ते सांगितलं. त्याने माझ्या वहीकडे बोट केलं.

"तुमच्या खेळात याचे किती?"

"वाटेत दोघांना शिवला. दोन."

"दोन," तो म्हणाला आणि मान डोलावली. वहीत मी शून्यच लिहिलं.

मार्चमध्ये बसगाड्या आल्या. जूनमध्ये कोच गेला. जळकं ऑइल वाळूत खोल मुरतं. पुढची दोनतीन वर्षं त्या रेघा तशाच होत्या. ऑफिस सुटलं की आम्ही दोघं बसगाड्यांमधून घरी निघायचो. शेवटच्या रेघेपाशी आलं की नवरा, काही न बोलता, लांब टांग टाकून पलीकडे जायचा. मागोमाग मीही, चूक अर्धी माझी होती. ड्रायव्हर बसच्या पायरीवर चहा पीत बसलेला असायचा.

"झालो रे पॉइंट," तो म्हणायचा. "आता मागे येव नको."