मँचेस्टरचा धोटा

सोलापूर सोडण्याच्या आदल्या दिवशी सिद्राममामा शुक्रवार पेठेतल्या माझ्या घरी आले. वय ऐंशीच्या पुढे. बंद पडलेल्या गिरणीच्या रिंगखात्यात (सूत कातण्याचा विभाग) त्यांचा जन्म गेला. त्यांचे वडीलही तिथेच होते. माझे आजोबा त्याच गिरणीच्या साळखात्यात (विणकामाचा विभाग) मागावर होते. दोन खात्यांच्या मध्ये एक भिंत होती आणि एक रिवाज. धोट्यातली (मागात आडवा दोरा नेणारी लाकडी नाव) सुताची कांडी संपली की मागवाला नवी कांडी बसवी, धोट्याच्या नेढ्याला (दोऱ्याच्या भोकाला) ओठ लावी आणि श्वासासरशी दोरा बाहेर ओढी. तोंड लागतं, म्हणून दलितांना, म्हणजे मामांच्या लोकांना, साळखात्यात घेत नसत. पगार तिकडेच जास्त होता.

मामांच्या वडिलांनी, आबांनी, एकदा जेवणाच्या सुट्टीत एका मागावर जाऊन असा दोरा ओढला. सुट्टी संपल्यावर मागवाल्याने तो धोटा सगळ्यांदेखत बॉयलरच्या भट्टीत टाकला. कोणत्या मागवाल्याने, हे मामांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

“धोटे तिकडनं, मँचेस्टरनंच यायचे की, पेपरवाले,” मामा म्हणाले. मी वर्तमानपत्रात होतो, म्हणून ते मला पेपरवाले म्हणत. “तितं कुणाचंबी तोंड चालायचं का, येवडं इचारून या.”

मी भाचीकडे मँचेस्टरला निघालो होतो. विचारून येतो म्हणालो.

उतरलो तेव्हा सकाळ होती, पण रस्त्यावरचे दिवे चालू होते. दुसऱ्या दिवशी एकटाच पायी निघालो. लाल विटांच्या पाच-सहा मजली गिरण्या, एका मापाच्या खिडक्यांच्या रांगा, कालव्याचं काळं, न हलणारं पाणी. या शहरात मी पूर्वी कधी आलो नव्हतो. तरी कोपऱ्यावर वळण्याआधी पुढे काय येणार ते कळत होतं: आधी फाटक, मग घड्याळ, मग चिमणी. दर वेळी तसंच आलं. आमच्याकडे चिमणीच्या पायथ्याशी वेड्या बाभळी माजल्या. इथे गिरण्यांमध्ये घरं झाली आहेत. खिडक्यांत पडदे होते, कुंड्या होत्या. अर्ध्या तासात एकाही खिडकीत माणूस दिसलं नाही.

दुपारी ‘पाय’ (मैद्याच्या पारीत भाजलेला खिमा) आणि हिरव्या वाटाण्याचा लगदा खाल्ला. शेंगाचटणीची पुडी बरोबर होती, ती वरून भुरभुरली. शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्याने विचारलं, हे डॉक्टरांनी दिलंय का. मी हो म्हणालो.

कालव्याच्या टोकाला एका गिरणीत संग्रहालय आहे. त्या दिवशी पाहणारा मी एकटाच. माहिती सांगायला मार्गारेट नावाच्या सत्तरीतल्या बाई होत्या; त्यांनी आणि त्यांच्या आईने मागावर काम केलेलं. लांबलचक दालनात माग ओळीने उभे होते. त्यांनी त्यातला एक चालू केला. लाकडी जमीन हादरू लागली आणि बंद मागांवरचे धोटे आपापल्या जागी थरथरायला लागले. त्यांनी माग थांबवला. धोट्यांची थरथर मात्र जराशी उशिराने थांबली, एकेक करून, दूरच्या भिंतीकडे जात. मार्गारेटबाई तिकडे बघत नव्हत्या. त्यांना सवय असावी.

मी मामांचा प्रश्न विचारला. त्यांना तो पहिल्यांदा कळला नाही. मी पुन्हा, सविस्तर सांगितलं.

त्या म्हणाल्या, इथे कुणाचंही तोंड चालत असे. ते विचारायला वेळच नव्हता. धोट्यांतून छातीचा रोग पसरायचा. आईचे पुढचे दात सुतावरच्या खळीने गेले. एखादी बाई वारली की तिचा माग सकाळी दुसरीला मिळायचा. माग तोच, धोटा तोच, नेढं तेच.

“अशा मागावर पहिल्या दिवशी ओठ लावताना लाकूड गार लागायचं नाही,” त्या म्हणाल्या. “आई एवढंच सांगायची.”

पुढे या पद्धतीवर बंदी आली. भिंतीवर तशी पाटी होती: धोट्याला तोंड लावू नये. ती मी दोनदा वाचली.

एकदा ओढून पाहू का, म्हणून मी विचारलं. त्यांनी पाटीकडे बोट दाखवलं. बाहेरच्या दुकानात जुने धोटे शोभेसाठी विकायला होते. त्यातला एक घेतला. टोकं लोखंडी, म्हणून विमानतळावर तपासणीच्या माणसाने तो पिशवीतून काढायला लावला आणि हे हत्यार आहे का, असं विचारलं. शेवटी तो विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानातून आला.

सोलापूरला पोचलो त्या दुपारी मामांकडे गेलो. ते चाळीच्या कट्ट्यावर बसले होते. आधी उत्तर सांगितलं, रोगासकट.

“म्हंजे मरायलाबी आमाला घेत न्हवते,” ते म्हणाले आणि हसले.

मग धोटा हातात घेतला. घरातून सुताची कांडी मागवून आत बसवली, दोऱ्याचं टोक नेढ्याशी नेलं, ओठ लावले. चिमणीच्या पिलासारखा बारीक आवाज झाला. दोरा पहिल्याच खेपेला बाहेर आला. साळखात्यात पाय न ठेवलेल्या माणसाला हे कसं जमलं, मी विचारलं.

“आबांनी शिकवलं. ज्वारीच्या धाटाला भोक पाडून. म्हणायचे, उद्या घेतलं तर यायला पायजे.”

त्यांनी दोरा आत सारला आणि धोटा माझ्यासमोर धरला.

“आता तुमी.”

नेढं ओलं होतं. संग्रहालयातली पाटी मला शब्द न् शब्द आठवत होती. वय, खोकला, संसर्ग: कारणं खरी होती आणि तयार होती. मामा माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांना कारण नको होतं. त्यांचे आबा त्या दुपारी बॉयलरपाशी उभे राहून जे बघत होते, तेच ते बघत होते: समोरचा माणूस त्या धोट्याचं काय करतो.

मी ओठ लावले. लाकूड गार नव्हतं. श्वास ओढला, दोरा आला नाही.

“मागवाल्याचं नातू हाईसा न्हवं?” मामा म्हणाले. “परत वडा.”