अर्धाच सांगितलेला अनुभव

मार्गशीर्षातला तिसरा गुरुवार, सकाळचे साडेनऊ. कंपनीला साप्ताहिक सुट्टी. चाकणजवळच्या देवीच्या टेकडीवर हजर: मी, आमच्या थेरगावच्या भजनी मंडळातल्या सुमनकाकू आणि शेजारच्या इमारतीत शिवणकाम करणारी शालन. माझ्या वहीत त्या दिवसाच्या पानावर एवढंच आहे. पुढचं मला तेव्हा लिहवलं नाही.

त्याआधी काही आठवडे माझ्या छातीत ठोका चुकत होता. मध्येच एक गाळल्यासारखा व्हायचा आणि पुढचा धाडकन पडायचा. मी कंपनीत स्टोअर सांभाळते. शंका मनात ठेवून बसणं माझ्या स्वभावात नाही. डॉक्टरांकडे गेले, ईसीजी काढला, दिवसभर छातीला यंत्र लावून घेतलं. डॉक्टर म्हणाले, असे अधूनमधून चुकणारे ठोके पुष्कळांना असतात, तुमच्या हृदयात दोष नाही. चहा कमी करा, झोप वाढवा. "पण चक्कर आली, शुद्ध हरपली, दम लागला किंवा छातीत दुखलं, तर थांबायचं नाही. लगेच यायचं." ते सगळं मी लिहून घेतलं.

भजनानंतर एकेकीने आपला अनुभव सांगायचा, अशी आमच्या मंडळाची रीत आहे. माझी पाळी आली तेव्हा मी सांगितलं की जपात ठोका चुकतो, तेव्हा देवीआई हृदयाला हात लावून जाते असं वाटतं. ते खोटं नव्हतं, मला खरंच तसं वाटायचं. पण डॉक्टर आणि ईसीजी मी गाळले. दवाखाना मध्ये आणला तर अनुभव उणा वाटेल, असं मनात आलं. बायकांनी डोळे पुसले. मला ते आवडलं, हेही कबूल करते.

निघताना जिन्यात शालनने गाठलं. "ताई, मलापण होतं तसं. डोळ्यांपुढं अंधारी येते. परवा तर मशीनवरच मान टाकली."

मी घाईत होते. म्हणाले, "भाग्यवान आहेस गं. जप वाढव."

डॉक्टरांनी बजावलेल्या खुणा मला पाठ होत्या, आणि तरी हे मी बोलले.

त्या गुरुवारी टेकडी चढताना सुमनकाकू मला चिडवत होत्या, "तुझ्या यादीत पाण्याच्या बाटल्या लिहिल्यात, पायऱ्या किती ते लिहायचं राहिलं वाटतं." शालन हसली, आणि हसता हसताच पायरीवर कोसळली. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं.

वरून नैवेद्य दाखवून एक पन्नाशीचे गृहस्थ उतरत होते. कुठल्याशा कारखान्यात प्रथमोपचार शिकलेले होते. त्यांनी मानेवर बोटं ठेवली. "श्वास हाय. नाडी लई सावकाश चाललीय. आधी असं व्हायचं का हिला?"

"नाही हो," सुमनकाकू म्हणाल्या.

"हो," मी म्हणाले.

"मग दाखवलं न्हाई कुणाला?"

मी शालनच्या कपाळावरचा घाम पुसू लागले. "बरं, ऱ्हाऊ द्या. पाय धरा, ताई."

त्यांच्याच पिकअपमधून तिला दवाखान्यात नेलं. तिच्या ठोक्यांमध्ये लांब खंड पडत होते. डॉक्टर म्हणाले, आणखी दिवस गेले असते तर कठीण होतं. त्याच आठवड्यात पेसमेकर बसवला. तिला दाखल करेपर्यंत ते गृहस्थ निघून गेले होते. साऱ्यांची नावं टिपणारी मी, त्यांचं नाव विचारायला विसरले.

त्यांना आईनेच पाठवलं, असं मी मानते. पण मग डॉक्टरांच्या तोंडून ते शब्दही तिनेच दिले होते, आणि ते मी माझ्यापाशी ठेवून घेतले. शरण जाणं म्हणजे जप वाढवणं, असं मला वाटायचं. आता वाटतं, मिळालेलं सगळं पुढे द्यावं, त्यात आपली शोभा कमी झाली तरी. तिने शालनला राखलं. त्या कृपेपुढे रोज हात जोडते आणि जोडताना मान वर होत नाही.

शालन आता पुन्हा मशीनवर बसते. काल ब्लाऊज द्यायला आली, म्हणाली, "ताई, तुमच्या पुण्याईनं वाचले." मी चहा टाकायला आत गेले. तिच्याआधी मी स्वतः डॉक्टरांकडे जाऊन आले होते, हे तिला सांगायचं अजून राहिलं आहे.