डाव्या अंगठ्याचा ठसा

पाढेबाई आमच्या लॉन्ड्रीत कामाला आली तेव्हा चोवीस वर्षांची होती आणि तिचा समोरचा एक दात अर्धा तुटलेला होता. आमची लॉन्ड्री हॉस्पिटलांची. चार हॉस्पिटलांच्या चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे झगे रोज गाठोडी बांधून येतात. मी तिथली जुनी मुकादम. नव्या माणसाला पहिल्या दिवशी मी एकच गोष्ट शिकवते, रक्ताच्या डागाला गरम पाणी लावायचं नाही, नाहीतर तो कायमचा बसतो. तिला सांगायला गेले तर म्हणाली, "माहीत आहे, ताई. घरी लागतं."

गाठोडी उतरत असतानाच ती आकडा सांगायची. सतरा गाठोडी, प्रत्येकात चोवीस चादरी, म्हणजे चारशे आठ. आम्ही नंतर मोजायचो आणि चारशे आठच भरायच्या. म्हणून तिचं नाव पाढेबाई पडलं. लग्नाआधी कॉमर्सची पदवी घेतली होती तिने. नवरा टायरच्या दुकानात कामाला. अंगाने आडवा, बोलायला मात्र मधाळ. लॉन्ड्रीच्या दारात आला की मला वाकून विचारायचा, "काय ताई, बरं आहे ना?" दात त्यानेच पाडला होता, दार उघडायला उशीर झाला म्हणून. दुसऱ्या वर्षी पाचवा महिना चालू असताना त्याने तिला जिन्यावरून ढकललं. मूल गेलं. आठव्या दिवशी ती कामावर आली आणि इस्त्रीच्या रोलरपाशी उभी राहिली. मी तिला बसायला स्टूल दिलं, त्यापलीकडे मी काही केलं नाही. हे मी मुद्दाम सांगते आहे.

ती सत्तावीसची असताना एका बँकेची जाहिरात आली. पगारी प्रशिक्षण. वर्षभर शिकवणार, शिकताना दरमहा विद्यावेतन देणार, बँकेच्याच वसतिगृहात ठेवणार आणि शेवटी नोकरी. वयाची अट अठ्ठावीस. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर चलनं भरता भरता तिने ती वाचली आणि मला बोलावलं.

"ताई, वसतिगृह आहे," ती म्हणाली. बाकी काही नाही.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही फॉर्म भरू लागलो. पहिलं घोडं फोटोपाशीच अडलं. दोन्ही डोळे उघडे आणि स्पष्ट दिसले पाहिजेत अशी अट होती, आणि तिचा उजवा डोळा त्या आठवड्यात सुजून बंद झाला होता. सूज उतरायला नऊ दिवस गेले. दहावा दिवस शेवटच्या तारखेचा. त्या दिवशी फोटो काढला, गालावर माझी पावडर थापून. मग एक प्रश्न होता : गेल्या वर्षभरात तुमच्यावर आलेली एखादी अडचण तुम्ही कशी सोडवलीत, शंभर शब्दांत लिहा.

"कुठली लिहू?" ती म्हणाली आणि तुटका दात दाखवत हसली. शेवटी वॉशिंग मशीन बंद पडलं होतं त्याबद्दल लिहिलं. शब्द मोजून बरोबर शंभर.

लेखी परीक्षेला ती घरी, हॉस्पिटलात माल पोचवायचा आहे, असं सांगून गेली. तिथे ओळखीसाठी डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. ती पास झाली. मुलाखतीचं पत्र लॉन्ड्रीवर यावं म्हणून आम्ही तोच पत्ता दिला होता, पण कायमच्या पत्त्याच्या रकान्यात घरचा पत्ता लिहावाच लागला होता. बँकेने दोन्हीकडे पत्र पाठवलं.

नवऱ्याने पत्र वाचलं आणि दोन दिवस नेहमीसारखा दुकानात जात राहिला. तिसऱ्या दिवशी दुपारी दुकानातून फोन केला, डबा विसरलो, घेऊन ये. ती गेली. पत्र त्याच्या समोरच होतं, कुठेही चुरगळलेलं नाही. "चांगलं आहे की," तो म्हणाला. "सगळं नीट वाचलं मी. मुलाखतीला डाव्या अंगठ्याचा ठसा जुळवणार म्हणे." मग त्याने तिचं मनगट धरलं, तिला ओढत आत नेलं आणि ट्यूबला पॅच चिकटवायचा जो तापता साचा असतो त्याच्यावर तिचा अंगठा दाबला. हवेचा पंप चालू होता. ती ओरडली, पण बाहेरच्या गिऱ्हाइकाला ऐकू गेलं नाही. दहापर्यंत मोजलं त्याने, तेही मोठ्याने. हात सोडल्यावर पत्राची घडी घालून तिच्या पर्समध्ये ठेवली आणि म्हणाला, "जा आता, दे मुलाखत."

ती सरळ लॉन्ड्रीत आली आणि थंड पाण्याच्या टाकीत कोपरापर्यंत हात बुडवून उभी राहिली. अंगठ्याची कातडी पांढरी पडून सुटली होती. डॉक्टरकडे जायला ती तयार नव्हती. "परवा मुलाखत आहे," ती म्हणाली. "डॉक्टर विचारणार, मग त्याला कळणार. तुम्ही नुसती पट्टी बांधा."

मुलाखतीच्या दिवशी मी रजा टाकली आणि तिच्यासोबत गेले. नोंदणीच्या टेबलावर चष्मा लावलेला एक किडकिडीत अधिकारी होता. तिने पट्टी सोडून अंगठा यंत्रावर ठेवला. लाल दिवा लागला. पुन्हा ठेवला, पुन्हा लाल. तिसऱ्यांदा काचेवर पाण्यासारखं काहीतरी राहिलं.

"कसं झालं हे?" त्याने विचारलं.

मागे तीसेक उमेदवारांची रांग होती. ती म्हणाली, "नवऱ्याने भाजला. इथे जुळू नये म्हणून."

अधिकाऱ्याने काच पुसली, नियमांचं पुस्तक काढलं आणि एक ओळ तिच्यासमोर धरली. जखमेमुळे ठसा जुळत नसेल तर सरकारी डॉक्टरचा दाखला, त्याच दिवशी. "चार वाजेपर्यंत तुमची जागा ठेवतो," तो म्हणाला. "चार म्हणजे चार. नंतर माझ्या हातात काही नाही."

आम्ही रिक्षाने मोठ्या हॉस्पिटलात गेलो. तिथली लॉन्ड्री आमच्याकडेच असल्यामुळे मला सगळ्या वाटा पाठ. तरी नंबर लागायला दोन वाजले. डॉक्टरीणबाईंनी जखम बघितली आणि म्हणाल्या, दाखला देते, पण मग मला पोलिसांना कळवावं लागेल. "कळवा," पाढेबाई म्हणाली. हॉस्पिटलच्या चौकीतला हवालदार आला, त्याने जबाब घेतला. आणि मग त्याने जो शहाणपणा केला त्याला मी आजही शिव्या घालते. त्याने तिथूनच नवऱ्याला फोन लावून सांगितलं, तुमच्या बायकोने तक्रार दिली आहे, येऊन जा.

दाखला हातात पडला तेव्हा तीन वाजून गेले होते. गर्दी टाळावी म्हणून मी तिला मागच्या दाराने नेलं, जिथे आमच्या मळक्या चादरींची ट्रॉली उभी असते. आमचा माल तिथून येतो-जातो हे त्याला ठाऊक होतं, तो तिथेच होता. मोटारसायकल आडवी लावलेली, हातात टायर काढायची लोखंडी टॉमी. पहिला घाव तिच्या खांद्यावर बसला आणि ती भिंतीला घासत खाली गेली. दुसरा त्याने डोक्याचा नेम धरून उचलला.

मी ट्रॉली धरली आणि होती नव्हती तेवढी ताकद लावून त्याच्या गुडघ्यांवर घातली. भरलेली ट्रॉली म्हणजे दोन माणसांचं वजन. तो तोंडावर आपटला. टॉमी फरशीवर खणखणत तिच्या पायाशी गेली.

तिने ती उजव्या हाताने उचलली आणि त्याच्या हातावर घातली. "एक," ती म्हणाली. पुन्हा घातली. "दोन." हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. ओल्या लाकडासारखा येतो. तो गयावया करू लागला, मला म्हणाला, "ताई, धरा हिला." मी म्हणाले, "बाई, पुरे." ते मी जोरात म्हणाले नाही, हेही खरं आहे. "तीन," ती म्हणाली. "चार." मग पहिला घाव दुरून बघितलेले वॉर्डबॉय धावत पोचले आणि त्यांनी तिच्या हातातून टॉमी काढून घेतली.

ती धापा टाकत होती. डावा खांदा खाली लोंबत होता. "किती वाजले?" तिने विचारलं.

"साडेतीन."

हवालदार म्हणाला, असं जाता येणार नाही, चौकीत बसा. डॉक्टरीणबाई जिन्यात उभ्या होत्या. त्या त्याला म्हणाल्या, "तिला पाच वाजता मी स्वतः घेऊन येते. तुम्ही नवऱ्याला फोन कोणी केला ते लिहून ठेवा तोवर." हवालदाराने वाट सोडली. बाईंनी तिचा हात माझ्या ओढणीने गळ्यात बांधला आणि स्वतःच्या गाडीतून आम्हाला सोडलं. चार वाजायला सहा मिनिटं होती. किडकिडीत अधिकारी दारातच घड्याळ बघत उभा होता.

मुलाखत घेणारे तिघे होते. तिच्या बाहीला रक्त होतं. एकाने विचारलं, बरं वाटत नसेल तर थांबूया का. ती नको म्हणाली. दुसऱ्याने ठरलेला प्रश्न विचारला, चिडलेला ग्राहक काउंटरवर येऊन ओरडायला लागला तर काय कराल?

"आधी त्याचे हात कुठे आहेत ते बघेन," ती म्हणाली. "मग तो काय म्हणतोय ते ऐकेन."

बाहेर आल्यावर ती माझ्या अंगावर ओकली. खांद्याचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं.

तिचं नाव प्रतीक्षा यादीत तिसरं लागलं. महिनाभर ती माझ्या घरी राहिली. सासू दोनदा येऊन दारात शिव्या देऊन गेली. नवऱ्याने उलटी तक्रार केली, पण त्याचा पहिला घाव बघणारे वॉर्डबॉय साक्षीला उभे राहिले आणि ती तक्रार फेटाळली गेली. तिघांनी जागा सोडल्यावर तिला बोलावणं आलं. त्याला पुढे तीन वर्षांची कैद झाली. उजव्या हाताची दोन बोटं त्याला आता मिटता येत नाहीत.

पण गोष्ट इथे गोड झाली असं समजू नका. प्रशिक्षणाच्या चौथ्या महिन्यात बरोबरच्या एका मुलाने गमतीत मागून येऊन तिच्या खांद्यावर थाप मारली. तिने वळून त्याचं नाक फोडलं. एकच ठोसा. वर्गात रक्ताचं थारोळं, आणि हिला त्याच दिवशी काढून टाकायची नोटीस. त्या मुलानेच नाकात कापूस घालून अर्ज लिहून दिला की चूक माझी होती, हिला काढू नका. तिला लेखी माफी आणि ताकीद यावर सोडलं.

मागच्या वर्षी ती मला भेटायला आली. दुसऱ्या गावच्या शाखेत आहे, कर्जाच्या विभागात. मी चहा टाकला. ती भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसली.

"ताई, त्या मुलाला मारलं ना," ती म्हणाली, "तेव्हा क्षणभर फार बरं वाटलं. त्याचा तर काही दोष नव्हता."

मी तिच्या पुढ्यात कप ठेवला आणि समोर बसले, तिला माझे हात दिसतील असे.