ओल्या गोणपाटाखालची बाई

वाठोरे सरांना साठ वर्षं पूर्ण झाली, म्हणून त्यांच्या गौरवाचं हे पुस्तक निघून राह्यलं. मला अक्षर येत नाही. मी सांगते, नात लिहिते. माझा राग गाळून लिहू नको, एवढं तिला बजावलं आहे.

सरांची पहिली गाठ आमच्या वांग्याच्या वाफ्यापाशी पडली. तलमडुगू गावाजवळच्या आमच्या शेताच्या खालच्या अंगाला झऱ्याची दलदल आहे. तिथं एक इस्त्रीच्या कपड्यातला माणूस गुडघाभर गाळात उभा राहून मूठभर काळी माती हुंगत होता.

"काऊन जी, काय हरवलं तुमचं?"

"अजून सापडलंच नाही मावशी, मग हरवलं कसं म्हणू?"

दूरदेशी दलदलीत हजारो वर्षांमागची माणसं केसांसकट सापडतात, हे मला सरांनीच सांगितलं. गवत कुजून साचलेल्या काळ्या थरात हवा शिरत नाही, म्हणून देह टिकतो. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी याच अभ्यासात घातली. आपल्याकडंही तसा थर आहे, असं म्हणाले तेव्हा मोठमोठे विद्वान हसले. मीही हसले, पण निदान भाकर वाढून हसले.

सरांनी आमच्या दलदलीत खणायला घेतलं आणि चौथ्या उन्हाळ्यात त्या काळ्या थरातून बाई निघाली. कातडी चामड्यासारखी काळी, वेणी मात्र तीन पेडांची, टोकाला दोरा बांधलेला. सरांनी खणणाऱ्या सगळ्यांना चपला काढायला लावल्या आणि स्वतः हात जोडले. मग म्हणाले, "वाळली तर तडकेल." शहरातून पेटी यायला दोन दिवस होते. आमी भाजी बाजारात नेताना ओल्या गोणपाटात गुंडाळतो. मी घरची सगळी गोणपाटं आणली. सरांनी विहिरीचं पाणी घालू दिलं नाही, दलदलीचंच शिंपडत राह्यलो. पुढं त्यांच्या पुस्तकात ही युक्ती माझ्या नावानं छापली, तीही पहिल्या पानावर. आमच्या मालकांनी तर मला रेशनकार्डातही तिसऱ्या नंबरावर ठेवली होती.

आता रागाचं. थंड खोली बांधतो, काचेची पेटी करतो म्हणून खात्याच्या साहेबलोकांनी बाई जिल्ह्याच्या कचेरीत नेली. आज ती तिथल्या अडगळीच्या खोलीत मोडक्या खुर्च्यांमागं पडून आहे. पाहुणे आले की झाकण काढतात, पंखा लावतात, फोटो घेतात. सर निवृत्त झाले, तर त्यांनाच सांगतात, आता तुमचा काय संबंध? हा माणूस दलदलीच्या पाण्याचा डबा घेऊन त्यांच्या व्हरांड्यात बसतो. एकदा मीही गेले. कारकून म्हणाला, मेलेल्या बाईसाठी एवढं काय अम्मा?

"तुमच्या मायला खुर्च्यांमागं ठेवसान का जी?"

सरांनी मला गप्प केलं आणि कारकुनापुढं हात जोडले. सरांमध्ये दोष एकच, त्यांना राग येत नाही. एवढी नम्रता बरी नव्हे, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं आहे.

पुस्तकाच्या समारंभात जे साहेब सरांना शाल पांघरवणार, त्यांच्याच खिशात बाईच्या खोलीची किल्ली आहे. शाल राहू द्या, सरांकडं तीन आहेत. सगळ्यांसमोर किल्ली त्यांच्या हातावर ठेवा.

सर शंभर वर्षं जगोत, गाळात उतरायला त्यांचे गुडघे शाबूत राहोत. ते वाट पाहतील, त्यांना सवय आहे. पण मी गेले त्या दिवशी पाहुण्यांसाठी झाकण काढलं, तेव्हा दारातून पाहिलं, बाईच्या खांद्याला भेग पडली आहे.