कायदा यायच्या आधीचं कुलूप

…तर लुडर्ससाहेबांनी केकचा डबा उघडला आणि रोझविथाबाईंच्या मनात पाल चुकचुकली. कंपनीचा माणूस मंडळाच्या सभेला घरचा प्लमकेक घेऊन येतो? आणि वर वायफायच्या बारा पेट्या, त्याही फुकट?

झालं होतं असं, की जुलैतल्या विजेने चर्चच्या मनोऱ्यावरची पेटी जाळली. जर्मनीतल्या फोगटलांडच्या त्या डोंगरात वरच्या वाडीपर्यंत केबल गेलेलीच नाही. गावच्या मंडळाने मनोऱ्यावरूनच वाडीला इंटरनेट पुरवलेलं. वाडीत ट्राउगॉट राहतो, अकॉर्डियनचे सूर लावून देणारा. त्याची सगळी गिऱ्हाइकं इंटरनेटवरची. तीन आठवडे झाले, एक काम नाही. अजून महिनाभर असंच चाललं तर दुकानाला टाळं.

रोझविथा प्योलमनबाई तेव्हा एकाहत्तरच्या. टपालखात्याच्या रेडिओलहरी मोजणाऱ्या गाडीत त्यांनी एकतीस वर्षं काढलेली. कुणाच्या यंत्राच्या लहरी शेजाऱ्याच्या रेडिओत घुसतात, ते हुडकायचं. एकदा तर त्यांनी खुद्द फौजदाराच्या बायकोचं शिवणयंत्र पकडलं होतं! फौजदार आठवडाभर बोलला नाही.

मंडळात त्यांचा नियम एकच. पेटी मनोऱ्यावर चढण्याआधी तिच्यातली कंपनीची प्रणाली, म्हणजे सॉफ्टवेअर, पुसायची आणि मंडळाची घालायची, कुणालाही उघडून वाचता येईल अशी. त्यांनी भर सभेत लॅपटॉप जोडला. पेटीने तीनदा नकार दिला.

"हिला कुलूप आहे," बाई म्हणाल्या.

"कायदाच तसा आहे, फ्राउ प्योलमन," लुडर्स म्हणाले. "युरोपचा नवा कायदा. लोक भलतीसलती प्रणाली घालतात, मग लहरी वाटेल तशा सुटतात. हवामानाच्या रडारला त्रास होतो."

"लहरींचं मला नका शिकवू. कलम दाखवा."

ट्राउगॉट वैतागला. "अगं बाई, केक खा आणि सही कर! तुला स्वतःच्या सावलीचासुद्धा संशय."

"सावलीचा नाही. तिच्यामागे कोण उभं आहे त्याचा."

लुडर्सनी हसत कागद पुढे सरकवला. बाईंनी चष्मा लावून तो दोनदा वाचला, मग बोट ठेवलं. "हे कलम कुठल्या यंत्रांना लागू, ते पुढे ठरवायचंय असं लिहिलंय. ठरलं?"

"अजून नाही. पण ठरेलच ना! आमच्या कंपनीने आपली आधीच तयारी करून ठेवली."

बाईंना पूर्व जर्मनीतलं एकोणीसशे एकसष्ट साल आठवलं. पश्चिम जर्मनीचा टीव्ही कुणी बघू नये म्हणून तिकडे तोंड केलेल्या अँटेना मोडायला सत्ताधारी पक्षाची पोरं छपराछपरांवर चढत होती. बाईंच्या घरावर मात्र कुणी चढलं नाही. कारण वडिलांनी आदल्याच दिवशी स्वतःची अँटेना स्वतःच्या हाताने कापली होती. म्हातारे पुढे मरेपर्यंत म्हणत राहिले, "मला कुणी सांगितलं नव्हतं गं. कुणीच सांगितलं नव्हतं."

"मला आठ दिवस द्या," बाई म्हणाल्या. हात वर झाले. ट्राउगॉटचा सगळ्यात शेवटी, तोही कोपरापर्यंतच.

आता तिथल्या लोकांची एक खोड. निकामी झालेली वस्तूसुद्धा फेकायची नाही, चिठ्ठी लावून तळघरात ठेवायची. बाई घरोघरची तळघरं पालथी घालत हिंडल्या. बेकरीवाल्याच्या तळघरात, मुरंब्याच्या बरण्यांमागे, एक जुनी पेटी सापडली. चिठ्ठीवर लिहिलेलं: 'चालते, पण हळू.' कुलूपबिलूप काही नव्हतं. बाईंनी तिच्यात मंडळाची प्रणाली घातली, मनोऱ्याच्या एकशे चौदा पायऱ्या दोनदा दम खात चढल्या, पेटी बसवली, आणि आपल्या जुन्या यंत्राने लहरी मोजल्या. मर्यादेच्या पुष्कळ खाली. आकडा, तारीख, सही, सगळं कागदावर लिहून पेटीच्या झाकणात ठेवलं.

रविवारी दुपारी ट्राउगॉट धापा टाकत वाडीवरून खाली आला. इंटरनेटवर गिऱ्हाइकांची त्रेचाळीस पत्रं आली होती! बाईंना मिठी मारली, खुर्चीत बसला, आणि बसल्या बसल्या त्याचा चेहरा उतरला.

"रोझविथा, पण उद्या ते कलम लागू झालं, आणि कुणी विचारायला आलं तर? मी काय म्हणतो, पत्रांना उत्तरं देतो, आणि मग आपणच काढून ठेवू या का ती पेटी? आधीच?"

बाईंनी हातातली किटली खाली ठेवली.

"येणाऱ्याला येऊ दे. मोजायचं असेल तर मनोऱ्याची किल्ली देते, वर कॉफी देते. पण त्याचं काम त्याच्या आधी आपण करायचं नाही, ट्राउगॉट. जा, गिऱ्हाइकं वाट बघतायत."