गोधडीचा चौथा कोपरा

आमच्या आत्याकडे रतीब घालणारा गवळी आधी स्वतः एक घोट दूध प्यायचा. आत्या थोडा वेळ त्याच्या तोंडाकडे बघत बसायची आणि मगच पातेलं पुढे करायची. गवळी वर्षानुवर्षं तोच. "नव्यापरीस जुन्या मानसावर ध्यान ठिवावं," असं तिचं म्हणणं, "त्याला आपल्या सगळ्या खोडी ठाव्या असत्यात." कर्जत तालुक्यातल्या आमच्या गावात तिला फौजदारीणबाई म्हणत, अर्थात तिच्या माघारी.

गोधडी मात्र तिच्यासारखी कुणी शिवत नसे. शेजारच्या बायका हौसेनं चार टाके घालून जायच्या. आत्या त्यांना चहा पाजायची आणि त्यांची पाठ वळली की चारही टाके उसवायची. सख्ख्या सुनेचे टाकेसुद्धा तिनं कधी ठेवले नाहीत. शेवटचा, चौथा कोपरा बंद करण्याआधी ती त्यात चिमूटभर ज्वारी घालायची. ही तिच्या सासूची रीत. पोट रिकामं असलेली गोधडी पांघरली तर झोप लागत नाही म्हणे.

मी नगरला शाळेत चित्रकला शिकवतो. माझ्या ओळखीनं तिची एक गोधडी दिल्लीच्या एका कलादालनात प्रदर्शनाला गेली. तिच्या आईच्या लुगड्याची होती ती, आणि आईची तेवढीच वस्तू आत्याकडे उरली होती. "जशी जाईल तशी यील ना?" असं तिनं मला तीनदा विचारलं. तिन्ही वेळा मी हो म्हणालो. तरी खात्री करायला ती माझ्याबरोबर दिल्लीला आलीच.

चार दिवसांत मी तिला राजधानीतली तीन-चार कलादालनं दाखवली. एका दालनात फरशीवर विटांचा ढीग मांडला होता. "मालक काम आर्धं टाकून का पळाला?" तिनं विचारलं. पांढऱ्या भिंती, गार हवा आणि कुजबुजणारी माणसं बघून तिचा संशय बळावतच गेला. "ही लोकं इतकं हळू का बोलत्यात? आन् एवढ्या मोठ्या घरात बसाया सतरंजी न्हाई. म्हंजी मानसानं टिकावं आसं यांच्या मनातच न्हाई." तिची गोधडी भिंतीवर टांगली होती, पुढे दोरी आणि दोरीपाशी पहारेकरी. आत्या त्याच्याकडे बघत तासभर उभी राहिली. शेवटी माझ्या कानाशी म्हणाली, "ह्याच्यावर कोन ध्यान ठिवतं?"

आम्ही गावी परतल्यावर पंधरा दिवसांनी कलादालनातल्या बाईंचा मला फोन आला. एका कोपऱ्यात हाताला धान्य लागतंय, किडे झाले तर इतर कलाकृतींना धोका, काढू का? इतक्या अदबीनं विचारत होत्या की गोधडीच्या पोटाची गोष्ट सांगायची मला लाज वाटली. मी म्हणालो, काढा. आत्याला कुठं कळणार आहे!

गोधडी परत आली तेव्हा मी मुद्दाम गावी गेलो होतो. आत्यानं पुडकं सोडलं आणि बाकी कुठंही न बघता चौथा कोपरा चाचपला. त्यावर सारख्या मापाचे, अगदी सुबक टाके होते. तिनं ते उसवले, आत बोट घातलं आणि मला विचारलं, "तुला इचारलं हुतं का त्यांनी?"

"नाही," मी म्हणालो.

गवळ्याकडे बघायची तशी ती माझ्याकडे बघत राहिली. आयुष्यात तिनं माझ्याकडे तसं कधी पाहिलं नव्हतं. "विचारलं होतं," मी शेवटी म्हणालो. "मीच हो म्हटलं."

ती उठून आत गेली आणि सुई-दोरा आणि चिमूटभर ज्वारी घेऊन आली. "तूच काढाया लावली. आता तूच भर."

मला ब्रश धरता येतो, सुई नाही. मी कसाबसा तो कोपरा बंद केला. नगरच्या एसटीत बसताना मला खात्री होती, गाडी वेशीबाहेर पडायच्या आत ती ते सगळं उसवणार.

त्यानंतर तीन हिवाळे ती तीच गोधडी पांघरत होती. यंदा ती गेली. दिवस झाल्यावर तिच्या सुनेनं, माझ्या वहिनींनी, गोधडी माझ्या हातात ठेवली. "तुम्हाला द्या म्हनल्या हुत्या."

मी आधी चौथा कोपरा चाचपला. आत ज्वारी होती. वर माझेच टाके होते, लांबआखूड, एक तर पार तिरका गेलेला. त्यातला एकही तिनं उसवला नव्हता.