ताईची नक्कल

लाँड्रीच्या काउंटरवर कपडे टाकून गिऱ्हाईक पायऱ्या उतरलं, की तिथं कामाला असलेली धाकटी त्याच्याच आवाजात मागच्या खोलीत हुकूम सोडायची. "कॉलर कडक हवी, पण मानेला टोचता कामा नये!" हा वकील. "डाग माझा नाही, पण निघाला पाहिजे," ह्या डॉक्टरीणबाई. इस्त्रीवाले वाफेपेक्षा हसण्यानं घामाघूम व्हायचे. मालक तसा गंभीर माणूस. त्यानं एकदा आतून स्वतःचीच नक्कल ऐकली आणि विचारलं, "हा कोण शहाणा बोलतोय?"

ही कला तिला कोणी शिकवली नव्हती. फिटही अशाच, न बोलावता आलेल्या. लहानपणापासून यायच्या. गोळ्यांनी पुष्कळ आटोक्यात होत्या, तरी वर्षाकाठी दोन-चार ठरलेल्या. घरात मात्र 'फिट' हा शब्द नव्हता. आई गेल्यापासून दोघी बहिणी एका दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत राहायच्या, आणि तिथं कोणते शब्द वापरायचे ते थोरली ठरवायची. थोरली म्हणजे ताई, शाळेच्या ऑफिसात कारकून. धाकटी पडल्याचा आवाज झाला की जिन्यात शेजारी जमायचे, आणि ताई त्यांना एकच वाक्य ऐकवायची, "काही नाही हो, सकाळपासून उपाशी होती, चक्कर आली." धाकटी दोन्ही वेळा भरपेट जेवणारी बाई, पण अख्खी गल्ली तिच्याकडे उपाशी म्हणून दयेनं बघायची.

गेल्या वर्षी तिला लाँड्रीतच फिट आली. तिथंही चक्करच ठाऊक. बरोबरच्या इस्त्रीवाल्या बाईनं मायेनं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि तोंडात साखरपाणी ओतलं. ते छातीत गेलं. धाकटी बरेच दिवस दवाखान्यात पडून होती. इस्त्रीवाली उशाशी बसून रडायची, "मला कोणी सांगितलंच नाही गं!" धाकटीनं ताईकडे पाहिलं. ताई आधीच स्वच्छ असलेला डबा पुसत होती.

त्या दवाखान्यात फिट येणाऱ्यांचा एक गट जमायचा. कितीतरी जणांना गोळ्या परवडत नव्हत्या. मध्येच सोडायचे आणि मग रस्त्यात कोसळायचे. गोळ्यांसाठी निधी उभा करायचा होता. कोणी म्हणालं मेणबत्त्या विकू, कोणी म्हणालं पत्रकं वाटू.

"पत्रक लोक समोसा पुसायला घेतात," धाकटी म्हणाली. "मी नकला करते. तिकीट लावा."

"कोणाच्या नकला?"

"मी पडल्यावर जे धावून येतात त्यांच्या."

आणि तिनं तिथल्या तिथं करून दाखवलं. दातांत चमचा कोंबणारे काका. हातपाय असे दाबून धरणारा शेजारी, जसं काही ती पळूनच जाणार आहे. "लांब व्हा, हवा येऊ द्या!" असं ओरडत स्वतः नाकाशी नाक लावून उभे राहणारे गृहस्थ. प्रत्येक नकलेनंतर तोच माणूस शहाणा झाला तर काय करेल, तेही दाखवलं. गट पोट धरून हसला. पण धाकटीला कळत होतं, भाजीत मीठ नाही. ह्या सगळ्या माणसांना काही ठाऊक का नसतं, ते त्यात कुठंच नव्हतं. ते ताईपाशी होतं.

तिनं ताईला चोरून काही करायचं नाही असं ठरवलं आणि जेवताना सरळ सांगून टाकलं, कार्यक्रमात तुझीही नक्कल करणार.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," ताई म्हणाली.

"मूठ झाकली म्हणून माझ्या छातीत पाणी गेलं."

"म्हणजे मी केलं?"

"तू वाईट केलंस असं नाही म्हणत. चुकीचं केलंस म्हणते."

"तुझ्यासाठी मी काय काय केलं, ते नाही सांगायची तू. त्यात हसू येत नाही ना!" ताईनं ताट सरकवलं. "मला स्टेजवर आणलंस, तर तुझं-माझं बोलणं संपलं."

ही पोकळ धमकी नव्हती. एका कपाटावरून ताईनं मामाशी अबोला धरला होता. मामा म्हातारा होऊन काठी टेकायला लागला तरी तो सुटला नव्हता. आणि दोन खोल्यांत दोनच माणसं असताना त्यातलं एक गप्प झालं, तर उरतं काय?

कार्यक्रमाची सगळी तिकिटं खपली. ताई आली. पहिल्या रांगेत, मांडीवर पर्स, साक्षीला बोलावल्यासारखी ताठ बसली.

चमचेवाले काका रंगले, हवावाले गृहस्थ त्याहून रंगले. धाकटी घोटभर पाणी प्यायला थांबली. इथंच नमस्कार करून आत गेली असती तरी कोणाची तक्रार नसती. तिनं पेला ठेवला, पदर घट्ट खोचला, मान किंचित वाकडी केली, आणि तिची ताई झाली. "काही नाही हो, सकाळपासून उपाशी होती, चक्कर आली." मग हवेतच दार धाडकन लावलं.

सभागृह हसलं, पण हे हसू वेगळं होतं. हसता हसता माणसं शेजारच्या खुर्चीकडे बघत होती. दार लावणारं एकेक माणूस प्रत्येक घरात होतं.

"चुकलं," पहिल्या रांगेतून आवाज आला. ताई उभी होती.

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

"मी आधी दार लावते, मग आतून बोलते. दार उघडं ठेवून कोणी खोटं बोलतं का?"

छप्पर उडेल एवढा हशा झाला. धाकटीच तेवढी हसली नाही.

"मला कसं कळणार?" ती म्हणाली. "मी तिथं असून नसते. मग दार लावल्यावर काय करतेस तू?"

ताईनं पर्स खुर्चीवर ठेवली. "तुला कुशीवर वळवते. डोक्याखाली चादरीची घडी. तोंडात काही घालत नाही. घड्याळ बघते, लांबलं तर अँब्युलन्स बोलवायची म्हणून. आणि शिव्या देते."

"कोणाला?"

"सापडेल त्याला. डॉक्टरला. तुला." मग ताईनं मागच्या रांगेत बसलेल्या इस्त्रीवालीला शोधून काढलं. "मला सगळं येत होतं. पण ते मी दाराआडच ठेवलं. तुमचा काही दोष नव्हता, बाई."

एवढं बोलून ती खाली बसली. "हं, चालू दे. पुन्हा कर, नीट कर," ती बहिणीला म्हणाली.

धाकटीनं पुन्हा केलं. ह्या वेळी शिव्यांसकट.

कार्यक्रम संपल्यावर निधीच्या पेटीपाशी गर्दी झाली. गटाचे लोक पुढच्या कार्यक्रमाची तारीख विचारत होते. एक तरुण बाई मात्र धाकटीला ओलांडून थेट ताईकडे गेली. "माझ्या मुलीला येतात हो. शाळेत अजून सांगितलं नाही. काय सांगू?"

ताईनं तिला जवळच्या खुर्चीवर बसवलं.

"फिट येते म्हणून सांगा," ती म्हणाली. "वर्गातल्या बाईंना सांगा, ऑफिसातही सांगा. आणि तिथल्या कारकुनानं तोंड वाकडं केलं, तर त्याला माझ्याकडे पाठवा. कारकुनाशी कसं बोलायचं ते मला चांगलं ठाऊक आहे."